नांदुर्कीच्या वळणावरचा माणूस

१८ ऑगस्ट, रविवार

वर्षावास सुरू झाला तेव्हा भंते म्हणाले होते, दिवसभरात मनाने काय काय उद्योग केले ते रोज थोडं लिहून ठेवा. कुणाला दाखवायचं नाही आणि खोटं लिहायचं नाही. मी वही आणली आणि कोरीच ठेवली. रोज लिहिण्यासारखं माझ्या मनात काय असणार? सकाळी उचगावातून निघायचं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर उभं राहायचं, संध्याकाळी परत यायचं. आज मात्र लिहितो.

विश्वजित पडला. माझ्या पोराचा, प्रसेनजीतचा, शाळेपासूनचा दोस्त. ही पोरं रविवारी पहाटे खिंडीच्या रस्त्यावर मोटरसायकलींच्या रेस लावतात हे मला आज कळलं. कळंब्याच्या पुढं डोंगरात जी खिंड आहे तिथून हा रस्ता वळणं घेत ओढ्याच्या पुलापर्यंत उतरतो. पुलापलीकडे माझं गाव. याच रस्त्यानं मी हायस्कूलला चालत जायचो. तेव्हा मुरूम होता. आता डांबर आहे, आणि डांबर झाल्यापासून सगळ्यांना घाई झाली आहे.

विश्वजितची मांडी मोडली. आत सळी घालणार आहेत. प्रसेन घरी आला तेव्हा त्याच्या शर्टावर विश्वजितचं रक्त होतं. माझ्या बायकोनं, मीनानं, ते बघून भिंत धरली.

"तूबी पळवत होतास?" मी विचारलं.

"व्हय."

"कितव्यांदा?"

"मोजलं न्हाय."

खोटं बोलला नाही याचं त्या क्षणीही मला बरं वाटलं. मनाचा आजचा पहिला उद्योग हा. मी हात पुढं केला. त्यानं गाडीची किल्ली त्यावर ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

२१ ऑगस्ट

दवाखान्यात विश्वजितला बघून आलो. तिथं यशराज भेटला. त्या दिवशीची रेस जिंकलेला तो. माझ्याच गावचा, डेअरीवाल्यांच्या घरचा. पोरगा वाईट नाही, विश्वजितच्या उशाशी दोन दिवस बसून आहे. चिमणाबाईचा नातू. शाळेतून येताना तहान लागली की मी त्यांच्या दारात थांबायचो. चिमणाबाई वरून पाणी ओतायची आणि मी ओंजळीनं प्यायचो. भांडं कधी हातात दिलं नाही, पाणी कधी नाही म्हटलं नाही. मला दोन्ही आठवतं.

३० ऑगस्ट

प्रसेन कामावरून आला की संगणकापुढं बसतो. त्याच्या एका रेसच्या गेममध्ये म्हणे आपला स्वतःचा रस्ता बनवून घालता येतो. तो खिंडीचा रस्ता बनवतो आहे. पडद्यावर डांबराचा एक करडा पट्टा दिसला, दोन्ही बाजूला काहीच नाही, नुसतं निळं आभाळ.

"ह्यात पडलं की काय होतंय?" मी विचारलं.

"काय न्हाय. परत वरनं सुरू."

मी बराच वेळ त्याच्या पाठीमागं उभा राहिलो. परत वरनं सुरू. विश्वजितच्या आईला हे ऐकून काय वाटलं असतं! पण मग असंही वाटलं की ज्याला पळायचंच आहे त्यानं इथं पळावं. नाहीतरी बंदी घालून पाण्याचा ओढा थांबत नाही, त्याला पाट काढून द्यावा लागतो. हे मला गावच्या शेतात कळलेलं आहे, त्यासाठी ग्रंथ वाचावा लागला नाही.

८ सप्टेंबर, रविवार

विश्वजितची मोडकी गाडी त्यांच्या दारात पडून होती. त्याच्या वडिलांना ती डोळ्यांपुढं नको होती. मी मागून आणली. हँडल, टाकी, सीट आणि पायट्या काढल्या, खाली चौकट जोडली, दोन बाजूंना स्प्रिंग घातल्या. आता त्यावर बसून अंग टाकलं की ती खऱ्या गाडीसारखी कलते. प्रसेननं वायरी संगणकाला जोडल्या.

मीना म्हणाली, "त्या पोराचं रक्त लागलेली गाडी घरात आणलासा?"

"धुतली."

"धुतली म्हणं!" ती आत गेली. दिवसभर आमच्याशी बोलली नाही. संध्याकाळी बुद्धवंदनेला मात्र शेजारी येऊन बसली.

१५ सप्टेंबर, रविवार

आज पहिल्यांदा मी त्यावर बसलो. पोरं हसत होती. यशराजही आला होता. खिंडीतून सुटलो आणि पहिल्याच वळणाला आभाळात गेलो. दुसऱ्यांदा नांदुर्कीच्या वळणापर्यंत पोचलो. पडद्यावरची नांदुर्की बघून चकित झालो. फांद्या चुकल्या आहेत, पण बुंधा तोच. या झाडाखाली दप्तर उशाला घेऊन मी झोपलो आहे.

खरं लिहायचं तर मला गंमत वाटली. गंमत हा शब्द थोडका आहे. छाती धडधडत होती आणि ती थांबू नये असं वाटत होतं. सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही मन खरं समजून पळत होतं. मग खऱ्या रस्त्यावर त्या पोरांचं काय होत असेल? दहा मिनिटं डोळे मिटून श्वास बघत बसलो. पोरांना वाटलं मला चक्कर आली.

"काका, लिंबूपाणी देऊ?" यशराज म्हणाला.

"गप की. मी ठीक हाय."

"पयल्यांदा हुतंय तसं. आमच्या म्हशीला बी टेंपोत घातलं की हुतंय."

२२ सप्टेंबर, रविवार

प्रसेन म्हणाला, रस्ता नीट करायचा तर तो नीट बघायला पाहिजे. मोबाइल टाकीला बांधून व्हिडिओ काढायचा, वळणांवर थांबून रुंदी मोजायची. त्यासाठी गाडी लागेल. मी विचार केला. महिनाभर पोरगा घरात आहे, पाऊस असो नसो कामाशिवाय बाहेर पडला नाही. विश्वासाला विश्वासानं उत्तर द्यावं.

किल्ली दिली.

मीना म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा."

२९ सप्टेंबर, रविवार

महिनाभर रविवारी दहाला उठणारं पोरगं आता उजाडायच्या आत उठून रस्ता मोजायला जातं. शिस्त लागली. आज कोपर खरचटून आला. पुलावरचं शेवाळ बघायला उतरला आणि घसरला म्हणे. मी हळद लावली.

मलाही विचारत असतो. पुलावर सावली कुठल्या बाजूला राहते? दुसऱ्या वळणाला मुरूम वाहून येतो तो आतून की बाहेरून? मला हे सगळं पायांनी ठाऊक आहे. मी सांगतो, तो तसं बनवतो, मी बसून बघतो आणि म्हणतो, अजून थोडा उतार. बाप-लेक असे समोरासमोर बसून किती वर्षांनी बोलतो आहोत. त्याला अभ्यास घेताना मी मारायचो तेव्हापासून बहुतेक नाहीच.

६ ऑक्टोबर, रविवार

आज पोरांनी मला गेममध्ये घातलं. मागच्या पौर्णिमेला उपोसथाचे पांढरे कपडे घालून मी दारात उभा होतो तो फोटो प्रसेननं घेतला आणि त्यावरून माणूस बनवून नांदुर्कीखाली, अगदी डांबराच्या कडेला उभा केला. हात जोडलेले. पोट माझ्यापेक्षा कमी आहे.

यशराजनं नियम काढला, "पप्पाला धडकला त्याची रेस बाद. वर मिसळ त्याच्याकडनं."

सकाळी सगळे मलाच धडकले. मिसळी कुणी किती द्यायच्या यावरून भांडण झालं. संध्याकाळपर्यंत मात्र माझ्या बाजूनं सफाईनं जायला शिकले.

"काका, तुम्ही हलत न्हाईसा ते बरं हाय," यशराज म्हणाला. "एकदा जागा ठाव झाली की काम सोपं."

१७ ऑक्टोबर, पौर्णिमा

वर्षावास आज संपला. विहारात गर्दी होती. कार्यक्रम संपता संपता संग्राम उठला. संग्राम म्हणजे मीनाचा भाऊ, विहार समितीचा सचिव. बोलताना नेहमी छताकडं बघतो.

"आपल्यातल्या एका उपासकाच्या घरात," तो म्हणाला, "पोरांचा गेमचा अड्डा झालाय. अपघातातली गाडी पुजल्यागत मांडलीय. वर्षावासात! लोकांनी काय आदर्श घ्यायचा?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सभेत कधी बोललेलो नाही. सतरंजी अंथरणाऱ्यांतला माणूस मी. पण उठलो.

"संग्राम, नाव घेऊन बोल की," म्हटलं. "जयसिंगाच्या घरात म्हण. पाचवं शील दारूचं हाय, गेमचं न्हाय. रस्त्यावर मरणारी पोरं माझ्या सोप्यात बसलीत. ती तुझ्या आदर्शात बसत नसली तर आदर्श थोडा मोठा करून आण. मी बंद करणार न्हाय. आणि आपण कुणाच्या सांगण्यावरनं मान खाली घालायची न्हाय, हे आपल्याला इथंच शिकवलंय."

मी खीर वाढत होतो तेव्हा भंतेंनी माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. वाटलं म्हणून लिहितो. प्रसेन मागं उभा होता. घरी येताना म्हणाला, "पप्पा, नादखुळा बोललासा."

वर्षावास संपला, तरी वही चालू ठेवणार.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीपासून यशराज येत नाही. डेअरीचं काम वाढलं असेल. प्रसेन एकटाच बसतो, वेळ लावून. सेकंदाच्या तुकड्यासाठी तेच वळण शंभरदा घेतो. मी एमआयडीसीत पोरांना हेच सांगून थकलो की एक काम धरा आणि त्यातच खोल जा. घरात ते होतंय बघून समाधान वाटलं. गाडीला नवे टायर घातले आहेत. पगार त्याचा आहे, मी विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

साखर कारखाने सुरू झाले. कागलच्या रस्त्याला ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर आकाशाला भिडलेला ऊस. संध्याकाळी प्रसेनच्या मागं उभा होतो आणि एकदम लक्षात आलं.

"अरं, ह्यात ऊस कुठाय?"

"ऊस?"

"दिवाळीपासनं शिमग्यापर्यंत खिंडीचा रस्ता उसाचा असतोय. ट्रॉल्या असत्यात, मागं दिवा नसलेल्या. मोळ्या पडलेल्या असत्यात. पाला असतोय, त्यावर चाक ठरत न्हाय."

आम्ही दोघांनी हा रस्ता श्रावण-भाद्रपदात बनवला. मोकळा, धुतलेला. मी या मातीतला, माझ्याही ध्यानात आलं नाही.

"गेममध्ये ऊस कशाला, पप्पा? संगणक जाम होईल."

"मग तो खिंडीचा रस्ता न्हाय. दुसरं नाव दे त्याला."

हसला. पण खेळायचं थांबून थोडा वेळ पडद्याकडं बघत बसला.

८ डिसेंबर, रविवार

विश्वजितला बघायला गेलो होतो. कुबड्या घेऊन अंगणात फिरतो. मला बघून खूश झाला.

"काका, पंधराला मी बी येणार हाय. चुलत्याची गाडी ठरवलीया, पुलावर बसून बघतो."

"काय बघतोस?"

त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे. "रेस की! प्रसेन आणि यशराजची. पंधराची जोड लागलीय न्हवं?"

तो बोलत राहिला. "यशराजचं काय खरं न्हाय यंदा. प्रसेन घरात आणि रस्त्यावर मिळून किती पळालाय त्याला ठाव न्हाय. तुमच्यामुळं, काका. तुम्ही तर वस्ताद!"

वस्ताद. कोल्हापुरात यापेक्षा मोठा मान नाही. घरापर्यंत गाडी चालवत आलो ते मला आठवत नाही.

टायर. कोपर. पहाटेचं उठणं. उतार अजून थोडा, मीच म्हणत होतो. पाट मी काढला, पण पाणी कुठं न्यायचं ते त्याचं आधीच ठरलं होतं.

९ डिसेंबर

किल्ली मागितली. त्यानं दिली. मग म्हणाला, "दुसऱ्याची गाडी घेऊन जाईन. ती मला सवयीची नसंल, एवढाच फरक."

मी किल्ली परत त्याच्यापुढं ठेवली. काय करणार?

"कशासाठी, प्रसेन? सांग तरी."

किल्ली बोटावर फिरवत बसला. मग सांगितलं. दिवाळीत आमच्या गावच्या तालमीच्या कट्ट्यावर पोरं जमली होती. कुणी तरी गेमचा विषय काढला. यशराज सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "तुमच्या पोरांनी टीव्हीवरच पळावं. पडलं तर कपडं मळत न्हाईत."

"तुमच्या म्हणजे कुणाच्या?" मी विचारलं नाही. त्यानंही त्याला विचारलं नव्हतं. यशराजच्या मनात काही नसेलही. पण तो शब्द कट्ट्यावरून घरी येईपर्यंत प्रसेनबरोबर चालत आला आणि अजून गेलेला नाही.

"विसरून जा," म्हटलं.

"पप्पा, विहारात तुम्ही काय म्हटलासा? मान खाली घालायची न्हाय. मी मागं उभा होतो."

माझंच वाक्य माझ्यापुढं उभं. मान खाली घाल असं मी माझ्या पोराला सांगणार नाही, माझ्या बापानं मला सांगितलं नाही. आणि ती मान मोडलेली बघायचीही माझी तयारी नाही. या दोन्हींच्या मधून कुठं तरी वाट असेल.

१२ डिसेंबर

मीना म्हणाली, पोलिसात सांगूया. म्हटलं, पोलीस आले तर ही पोरं पुढचा रविवार धरतील, नाहीतर दुसरा घाट धरतील. पोलीस रोज येत नाहीत.

"मग रोज कोण येतंय?"

या प्रश्नावर दिवसभर मशीनपुढं उभा होतो.

१४ डिसेंबर, शनिवार

उद्या पौर्णिमा आहे. मीनानं पांढरे कपडे इस्त्री करून ठेवले. उद्या अष्टशील घ्यायचं. विहारात जाण्याआधी एका ठिकाणी जाऊन येतो म्हणून सांगितलं. तिनं कुठं ते विचारलं नाही. थर्मास घासून ठेवला.

१५ डिसेंबर, पौर्णिमा

सगळं क्रमानं लिहितो.

प्रसेन उठायच्या आत मोपेड घेऊन निघालो. खिंडीत पोचलो तेव्हा चंद्र मावळतीला टेकला होता आणि पूर्व उजळत होती. नांदुर्कीखाली गाडी लावली. उभं राहायचं, एवढंच ठरवलं होतं. गेममध्ये उभा असतो तसं. मला बघितलं की तरी लाजेल.

वळणाच्या पलीकडं हातोडीचा आवाज आला म्हणून बघायला गेलो. उसाची ट्रॉली. चाक निखळलेलं, एका अंगावर कललेली, अर्धा रस्ता मोळ्यांनी भरलेला. मागं इशारा म्हणून तीन धोंडे आणि निर्गुडीची एक फांदी. ट्रॉलीखालून एका माणसाचे नुसते पाय बाहेर आलेले दिसत होते.

"पावणं, बाहेर या आधी!"

"आलो, आलो. जॅक धरलाय," आतून आवाज आला. बीडकडची बोली. "सोडला तर सगळंच बसतंय खाली."

प्रसेनला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. तेवढ्यात वरून खिंडीतून आवाज सुटला. दोन गाड्या. हा आवाज मी तीन महिने घरात ऐकला आहे, कुठल्या वळणाला तो कसा बारीक होतो हे मला पाठ आहे.

पळत नांदुर्कीपाशी आलो. मनात त्रिसरण सुरू केलं, दुसऱ्या ओळीनंतर पुढची आठवेना. वरच्या वळणावर दोघं दिसले, एकमेकांना खेटून. मी डांबराच्या कडेला, पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी मला बघितलं हे मला कळलं. आणि तरी गाड्यांचा आवाज तसूभरही कमी झाला नाही. का होईल? या जागी हा माणूस रोज असतो. त्याच्या बाजूनं गाडी आत घालायची आणि वळण मारायचं. हा माणूस हलत नाही.

मी हललो.

रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले. हात जोडले नाहीत. डोळे मिटावेसे वाटले, मिटले नाहीत.

प्रसेनचं पुढचं चाक माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. मागचं आडवं फिरलं होतं. रबराचा वास आला. यशराज कडेच्या मुरमात शिरला, गाडी आडवी झाली आणि तो तिच्यावरून उडी मारून उभा राहिला.

"काका!" हेल्मेट काढत तो ओरडला. "खूळ लागलंय काय तुम्हाला? रेस खाल्लीसा की आमची!"

"व्हय. खाल्ली."

"मी पुढं हुतो!"

"तू? माझ्या मागल्या चाकापाशी हुतास," प्रसेन पहिल्यांदा बोलला.

"मला दोघं बी अंगावर आल्यागत दिसलासा," म्हटलं. "बरोबरीत सुटली म्हणा. आणि आता चालत जाऊन वळणाच्या पलीकडं काय हाय ते बघून या. चालत."

गेले. मी तिथंच रस्त्यावर बसलो. परत आले तेव्हा यशराजचा चेहरा उतरला होता, पण तोंड तसंच. "दिसलं असतं आम्हाला."

"पाय दिसलं असतं?"

त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. मग आम्ही तिघांनी आणि त्या ट्रॅक्टरवाल्यानं मिळून मोळ्या बाजूला केल्या. पाल्यानं हात कापले. अष्टशील घ्यायला विहारात पोचलो तेव्हा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीस होतं. संग्रामनं बघितलं. मी झाकलं नाही.

१६ डिसेंबर

प्रसेन आज बोलला. "सगळ्यांसमोर माझी मान खाली गेली, पप्पा. आख्खी पोरं पुलावर वाट बघत हुती. बापानं अडवलं म्हणत्यात."

"म्हणू देत. माझी मान वर हाय. एका घरात सध्या एक पुरे."

"पुढच्या रविवारी परत लावलीय."

"लाव. मी हाय तिथं."

"त्याच्या पुढच्या?"

"त्याच्या पुढच्या बी. शिमग्यापर्यंत ऊस, मग जत्रा, मग पाऊस. मला रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं हायत, पण रविवारी सुट्टी असतीया."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आता ओरडेल. ओरडला नाही. आत गेला आणि गेम सुरू केला. मी डोकावलो. नांदुर्कीखाली मी नव्हतो. काढून टाकलं मला.

वाईट वाटलं. जितकं वाटलं तितकं लिहीत नाही.

१९ डिसेंबर

संग्राम घरी येऊन गेला. "म्हटलं नव्हतं मी?" चारदा म्हणाला.

"म्हटलंवतास," मी म्हटलं. "अर्धं तुझं खरं निघालं. आता अर्धं माझं खरं करायचंय. रविवारी पहाटे येतोस माझ्याबरोबर?"

त्याला थंडी सोसत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

नांदुर्कीखाली माझ्या आधीच कुणी तरी बसलं होतं. डोक्यावरून पदर, वर शाल, शेजारी काठी. चिमणाबाई. चालत आली होती, या वयात, त्या चढानं.

"जयसिंगा, तूच व्हय रं? लई पांढरा झालास."

"तुम्ही कशा हितं, आत्ती?"

"नातू घरात मुरमानं सोललेलं ढोपर घिऊन आला. ईचारलं तर म्हनतोय, प्रसेनचा बाप मधी उभा ऱ्हायला. म्हटलं, प्रसेनचा बाप उभा ऱ्हातोय आणि यशराजच्या घरात काय समदी मेली?"

बसलो. थर्मास उघडला. टोपणात चहा ओतून आधी तिच्यापुढं धरला, मग लक्षात आलं की दुसरं भांडं आणलेलं नाही. तिनं टोपण घेतलं, सावकाश प्यायली, आणि पदरानं न पुसता मला परत दिलं. त्याच टोपणातून मी प्यायलो.

उजाडल्यावर गाड्या आल्या. वरच्या वळणावर यशराजनं आजीला बघितलं आणि गाडी जागेवर थांबवली. चिमणाबाई काठी घेऊन उठली आणि तिथूनच सुरू झाली. काय काय म्हणाली ते लिहिलं तर वाणीचं माझं चौथं शील मोडेल. प्रसेन टाकीवर कपाळ टेकवून हसत होता. मग यशराजला काही तरी म्हणाला, यशराज त्याला काही तरी म्हणाला. लांब होते, ऐकू आलं नाही. दोघं गाड्या वळवून हळूहळू वर गेले.

"ग्येले?" चिमणाबाईनं विचारलं.

"आजच्यापुरतं."

"मग पुढच्या खेपंला भाकरी घिऊन येती. चहावर भागत न्हाय."

२८ डिसेंबर, शनिवार

दुपारी प्रसेननं हाक मारली. "पप्पा, बसा जरा."

विश्वजितच्या गाडीवर बसलो. खिंडीतून सुटलो. दुसऱ्या वळणाला ट्रॉली. मागं दिवा नाही. धडकलो. परत वरनं. पुढं मोळ्या, पाला, चाक सरकलं, धडकलो. संगणक अडखळत होता, पण ऊस होता. नांदुर्कीपर्यंत पोचायला मला अर्धा तास लागला. झाडाखाली कुणी नव्हतं.

"मी न्हाय व्हय?" विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"हाय की. जावा पुढं."

पुढं गेलो आणि पुलाच्या अलीकडं, जिथं मी कधीच नव्हतो तिथं, पांढऱ्या कपड्यांतला माणूस झपझप चालत रस्त्यात आला. हात वर. मी ब्रेक दाबायच्या आत त्याला धडकलो. स्वतःलाच.

"परत जावा," प्रसेन म्हणाला.

परत गेलो. या वेळी पहिल्याच वळणाला मी माझ्या आडवा आलो.

"आता तुम्ही एका जागी उभं न्हाईसा. कुठनं येणार ते मलाबी ठाव नसतंय. यशराज काल दोन तास बसला. एकदा बी पुलापतुर पोचला न्हाय. शिव्या देतोय तुम्हाला."

"देऊ दे."

तो वायरी गुंडाळत राहिला. किल्ली त्याच्या खिशातच आहे, त्याचा आकार बाहेरून दिसतो. मी मागितली नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या येणार हाईसा व्हय तुम्ही? कुठल्या वळणाला?"

"सांगणार न्हाय," म्हटलं.

एवढं लिहून झालं की गजर लावायचा आहे. मीनानं आज न सांगता दोन टोपणांचा थर्मास आणला आहे.